ब्रेक मी घरीच बदलले

आमच्या गाडीचे ब्रेक मी एकदा घरीच बदलले होते. त्या दिवशी कोणी दगावलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे तुम्हाला निवांत वाचता येईल.

गाडी छोटी, लाल रंगाची आणि सेकंडहँड. (म्हणायला सेकंडहँड. कागदपत्रं नीट वाचली तेव्हा कळलं की माझा हात चौथा होता.) डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत ती पहिलीच गाडी. त्यामुळे ती माझी कमी आणि चाळीची जास्त होती. तिच्या बॉनेटवर पापड वाळायचे. काढलेत का, एवढं विचारून मी ऑफिसला निघायचो.

मी विम्याच्या ऑफिसात कारकून. बाबा मिलमध्ये साचेखात्यात तेलवाले होते. तेलवाला म्हणजे लांब चोचीचं तेलाचं कॅन घेऊन मागांमधून फिरणारा आणि कुठे करकर ऐकू आली की तिथे तेल सोडणारा माणूस. संप झाला, मिल बाबांसाठी पुन्हा उघडलीच नाही, आणि त्याला आता दहा-बारा वर्षं होऊन गेली होती. कॅन मात्र घरी आलं. (कसं आलं ते आमच्यात विचारत नाहीत.) बाबांचे कान अजून ड्युटीवरच होते. चाळीतल्या सगळ्या बिजागऱ्या, शिवणयंत्रं, पाळण्याच्या कड्या त्यांनी गप्प करून टाकल्या होत्या. आमच्या मजल्यावर दार उघडलेलं कोणाला कळायचंच नाही, त्यामुळे शेजारचे लोक एकदम भुतासारखे समोर उभे राहायचे.

पण खरी गोष्ट सासूबाईंची आहे.

माझी बायको नंदा माहीमच्या कोळीवाड्यातली. तिची आई दादरच्या बाजारात मासळी घेऊन बसायची. आमचं लग्न ठरवायला मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा पापलेटचा कल्ला उचलून बघावा तसा त्यांनी माझा हात धरून उलटा केला, तळवा दाबून पाहिला आणि नंदाला विचारलं, "याच्यानं काय होनार गो?"

त्यांचंही बरोबर होतं. त्यांच्याकडे पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की ज्याची होडी त्यानेच दुरुस्त करायची. फटी बुजवायच्या, रंग द्यायचा, इंजिन उघडायचं, सगळं घरच्या माणसांनी. दुसऱ्याचा हात आपल्या होडीला लागू देणं म्हणजे घरात पुरुष नाही असं जाहीर करण्यासारखं. आणि जावई कसा मिळाला? तर पेनमध्ये शाई भरताना बोटं निळी करून घेणारा.

लग्नाला सात वर्षं झाली तरी त्या मला "जावईबापू, तुम्ही" असंच म्हणायच्या. ऐकायला मान वाटतो, पण तो पाहुण्याला वाढायचा मान होता. गाडी घेऊन सहा महिने झाले, त्या एकदाही तिच्यात बसल्या नव्हत्या. नंदा म्हणायची, आई ज्या दिवशी तुझ्या गाडीत बसेल, त्या दिवशी तिने तुला जावई मानलं असं समज.

एकदा जेवताना त्यांनी विचारलं, गाडी कोण बघतं? आणि कोलंबीच्या कालवणाच्या भरात मी म्हणालो, "मीच बघतो. सगळं घरीच."

नंदाला ठसका लागला. मी तोपर्यंत त्या गाडीची एकच दुरुस्ती केली होती. आरशावरचा पापडाचा तुकडा काढला होता.

सासूबाई मात्र पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघत होत्या. म्हणाल्या, येत्या रविवारी लालबागला वर्षाच्या मसाल्याची मिरची घ्यायची आहे. तुमच्याकडे येते, तिथून तुमच्याच गाडीतून जाऊ.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात ब्रेक कुरकुरायला लागले! पुलाखालच्या मेकॅनिकने चाकाच्या फटीतून बॅटरी मारून बघितलं आणि सांगितलं की पॅड संपलेत. डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून चाक थांबवतात ते हे पॅड. बिस्किटाएवढे जाड हवेत, माझे पापडाएवढे उरले होते. सोमवारी गाडी आण, म्हणाला. मी विचार केला, की सोमवारी आणली तर रविवारी सासूबाईंना कुठल्या तोंडाने सांगू? आणि घरीच केलं तर बोललेलं खरंही होईल. मी नवे पॅड घेतले, तो कसं करायचं ते सांगत असताना तीनदा "हां हां" म्हणालो आणि घरी आलो.

रविवारी सकाळी चाळीच्या पुढच्या अंगणात मी जॅक लावला. तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या भरल्या. संपानंतर चाळीत मशीन उघडलेलं कोणी पाहिलं नव्हतं. वर निम्मे लोक मिलमधले जुने फिटर आणि मुकादमी केलेले जॉबर, त्यामुळे सूचना पावसासारख्या पडत होत्या. बाबाही कॅन घेऊन खाली उतरले आणि चाकाजवळ उकिडवे बसले.

मी त्यांना सगळ्यांदेखत सांगितलं, "बाबा, तुम्ही वर जा. आज हे मी एकट्याने करणार."

बाबा उठताना तेवढं म्हणाले, "माका काय कळता त्यातला?" आणि दूर स्टुलावर जाऊन बसले, कॅन मांडीवर घेऊन.

चाकाचे नट सुटले. (पान्यावर उभं राहून. दोनदा पडून.) जुने पॅड निघाले. नवे जाड, म्हणून ते बसण्यासाठी आतला पिस्टन मागे ढकलावा लागतो. तो हलेना. मी नंदाचं लाटणं मागवलं आणि तरफेसारखं लावलं. पिस्टन मागे गेला, लाटण्याचे दोन तुकडे झाले आणि तिकडे बॉनेटखाली ब्रेक ऑइलची बाटली दुधासारखी उतू गेली. दोन्ही चाकं होईपर्यंत दुपारचा एक वाजला. माझे हात कोपरापर्यंत काळे झाले होते आणि मी ते मुद्दामच धूत नव्हतो. सासूबाईंना दाखवायचे होते.

मग गाडी अंगणात चालवून ब्रेक मारला.

तो आवाज मला लिहून दाखवता येणार नाही. पत्र्यावर पत्रा घासत कोणी डुकराला ओरडायला शिकवतंय, असं काहीतरी होतं. दुसऱ्या मजल्यावरची मांजर खाली न बघता उडी मारून गेली. पण गाडी थांबली. मी वर बघून जाहीर केलं की नवीन आहेत, दोन दिवस बोलणारच. आणि आंघोळीला गेलो.

चार वाजता सासूबाई आल्या, हिरवं लुगडं, डोक्यात अबोलीचा वळेसर. माझे हात बघितले. (आंघोळीतही मी कोपरापासून खाली साबण लावला नव्हता.) आणि पुढचं दार स्वतः उघडून बसल्या. नंदा मागे, पिशव्या घेऊन. बाबा स्टुलावरून बघत होते आणि मला वाटलं, किंचित हसत होते.

गल्लीच्या तोंडाशी ब्रेक दाबला. आवाज नाही! मी नंदाकडे आरशातून असा काही बघितलं की विचारू नका. बसले पॅड, म्हटलं. गाडी जरा पुढे जाऊन थांबली खरी, पण त्याचा दोष मी मनातल्या मनात सासूबाईंच्या वजनाला दिला.

करी रोडचा पूल चढताना ब्रेक लागतच नाही. उतरताना लागतो. मी दाबला, गाडी उतरतच राहिली. पुन्हा दाबला. पायाखाली ब्रेक होता, त्यावर माझा पायही होता, पण त्याची खबर चाकांपर्यंत कोणी पोचवत नव्हतं. मी स्टिअरिंगला मिठी मारली आणि चेहरा शांत ठेवला. सासूबाई मात्र आयुष्यभर भरती-ओहोटी बघत आलेल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पुढच्या रस्त्याकडे बघितलं आणि विचारलं, "थांबत नाय काय?"

"नाही," मी म्हणालो. गाडीच्या बाबतीत त्यांच्याशी बोललेलं ते माझं पहिलं खरं वाक्य.

"मग घाबरतोस कशाला? होडीला कुठं बिरेक असतो? मऊ जागा बघायची आनि लावायची."

आणि त्यांनी अर्धं अंग खिडकीतून बाहेर काढलं. मासळी बाजाराच्या या टोकावरून त्या टोकाच्या गिऱ्हाइकाला हाक मारणारा तो आवाज. पुलाचा उतार मोकळा झाला. हातगाडीवाला हातगाडीसकट फुटपाथवर चढला. खालचा सिग्नल हिरवा मिळाला, यात माझं कर्तृत्व शून्य. त्या म्हणाल्या "वळ," मी वळलो. म्हणाल्या "आत घे," मी मिरची गल्लीत घेतली. एव्हाना गाडीचा वेग चालत्या माणसाएवढा झाला होता, पण तो माणूस थांबायला तयार नव्हता. डावीकडे चिवड्याच्या दुकानाची उकळत्या तेलाची कढई. उजवीकडे मिरचीची पोती, छातीएवढ्या उंच थराने लावलेली.

"कढई सोड. मिरचीवर घे."

घेतली. गाडी पोत्यांत अशी अलगद शिरली जशी होडी वाळूत शिरते. दोन पोती फुटली. आधी दुकानदार शिंकला, मग गिऱ्हाइकं, मग गल्ली, आणि मग मला वाटतं परळपर्यंत. पहिल्या दहा मिनिटांत मला कोणी एक शिवी पूर्ण देऊ शकलं नाही. प्रत्येक शिवीच्या मध्ये शिंक येत होती.

नंदाने नाकाला पदर लावून मागून विचारलं, "हँडब्रेक का नाही ओढलास?"

हँडब्रेक नावाची वस्तू गाडीत असते, हे मला त्या दिवसाआधी माहीत होतं आणि नंतरही माहीत आहे. मधल्या एका मिनिटापुरतं ते निसटलं होतं.

बातमी पूल ओलांडून चाळीत गेली आणि बाबा पळत आले. हातात कॅन. सगळे धड आहेत ना ते त्यांनी डोळ्यांनी मोजून घेतलं आणि मग मला बाजूला घेऊन, अगदी हळू आवाजात विचारलं, "आवाज तर नाय इलो मा?"

मी त्यांच्या हातातल्या कॅनकडे बघितलं.

"चाक रडत होतां रे," बाबा म्हणाले. "दोनय चाकांक तेल दिलंय मी. एकाक दिला नि दुसऱ्याक नाय, असां करूचा नसता."

ज्या डिस्कला धरून चाक थांबवायचं, तिलाच बाबांनी तेल पाजलं होतं! तेही भरपूर, प्रेमाने. आता खरं सांगतो, मला बाबांचा राग आला नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. गुन्हेगार सापडला होता आणि तो मी नव्हतो. सासूबाई तीन हातांवर उभ्या होत्या. मी तोंड उघडलं, की माझं काम चोख होतं, पण आमच्या बाबांनी...

तेवढ्यात पुलाखालचा मेकॅनिक, ज्याला नंदाने बोलावून घेतलं होतं, उजवं चाक काढून पॅड हातात धरून उभा राहिला.

"ये किसने लगाया?" त्याने गल्लीला विचारलं. "उलटा है. ये पीठ से ब्रेक मार रहा था."

पॅडची घासायची बाजू बाहेर आणि पाठीचा पत्रा डिस्कवर. म्हणून तो ओरडत होता. तो ओरडला म्हणून बाबांनी तेल दिलं. साऱ्या शिंका मागे मागे जात शेवटी माझ्या दोन काळ्या हातांपाशी येऊन थांबल्या. उघडलेलं तोंड मी शिंकून बंद केलं.

सासूबाईंनी तो पॅड हातात घेतला, उलटसुलट केला, माझ्याकडे बघितलं. मग दुकानदाराला सांगितलं की फुटलेली पोती आम्हीच नेणार, मिरची घ्यायचीच होती. आणि मला म्हणाल्या, "देठ तू काढायचे." तू! पुलावरचं घाईतलं सोडलं, तर सात वर्षांत ते मला पहिल्यांदा मिळालं. दोन पोती मिरच्यांचे देठ मी चार संध्याकाळी काढले. त्या चार दिवसांत डोळा खाजला की मी नंदाला हाक मारायचो.

पुढच्या रविवारी कोळीवाड्यात त्यांनी सगळ्या गोतासमोर निकाल दिला, "आमच्या जावयाच्या हातात हत्यार देऊ नका. पन सांगितलं तिकडं वळतो हां."

आणि बाबांकडे बघून म्हणाल्या, "व्याही, आमच्या होडीची कप्पी लई करकरते. आनाल काय तुमचं ते तेल?"

परक्याचा हात न लागलेल्या त्या होडीवर बाबा कॅन घेऊन चढले. मिल बंद झाल्यापासून त्यांना कोणी कामाला बोलावलं नव्हतं, आणि आता दर पंधरा दिवसांनी माहीमहून निरोप येतो. आसपासच्या आठ होड्या त्यांनी मुक्या केल्यात. त्यांना घेऊन जायचं काम माझं. होडीच्या जवळ मला फिरकू देत नाहीत, पण गाडी सपाट जागी उभी करून चाकाखाली दगड लावायची जबाबदारी पूर्णपणे माझ्यावर आहे. तो दगड मी स्वतः निवडतो आणि स्वतः लावतो.

(नंतर नंदा येऊन पायाने हलवून बघते.)