सरूमावशीनं माझं नाव घेतलं नाही

चिखलीच्या दवाखान्याच्या दारात सरूमावशीचा नामदेव उभा होता. त्याचं भादरलेलं डोकं दिसलं आणि मला काही विचारावं लागलं नाही. "माय गेली, बाई. ताप आला, तीन दिवसांत सारं आटोपलं. आज पंधरा दिवस झाले." मी म्हटलं, अरे, कुणाच्या तरी हाती निरोप धाडायचा होतास... तो खाली बघत म्हणाला, "धाडत होतो. पन मायच म्हने, बाई कामात असन, तिले तरास देऊ नोको." पिशवीतली वांगी टेबलावर ठेवून तो गेला. पंधरा दिवस मी जेवत होते, हसत होते, आणि सरूमावशी नव्हती.

धामणगाव बढेच्या पलीकडच्या एका खेड्यात तिचा भाजीपाल्याचा मळा होता. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, तेव्हाची गोष्ट. मी नवी नर्स, आणि बाहेरून आलेल्या डॉक्टरांच्या पथकाबरोबर मला गावोगाव फिरायचं होतं. गरोदर बायांच्या अंगात रक्त किती कमी आहे आणि लोहाच्या गोळ्यांनी ते किती वाढतं, याचा अभ्यास होता. पाटलानं दवंडी दिली, पण एक बाई फिरकली नाही. रक्त नेऊन विकतात, अशी आवई उठली होती. सरूमावशी तेवढी आली आणि मला आपल्या घरी घेऊन गेली. विधवा बाई, गावात तिच्या शब्दाला वजन. मला ओसरीवर बसवून तिनं तासभर खोदून खोदून विचारलं. रक्त किती घेणार, कुठे नेणार, नाही म्हटलं तर चालतं का... आणि शेवटी, "या गोळ्या सगळ्याइले सारख्याच हायेत ना?"

त्या सारख्या नव्हत्या. अर्ध्या बायांना लोहाच्या मिळणार होत्या आणि अर्ध्यांना हुबेहूब तशाच दिसणाऱ्या, ज्यांत औषध काहीच नव्हतं. त्याशिवाय फरक कळायचा नाही, असं मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं. आणि हे बायांना सांगायचं नाही, अशी ताकीद. कुणाला कोणती गोळी, ती यादी माझ्याकडे होती. मी म्हटलं, "हो मावशी, सारख्याच." तिनं माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि आत हाक मारली, "कमल, ये वं. हे पोरगी आपल्या इकडचीच हाय. घे गोळ्या." कमल म्हणजे नामदेवची बायको. एकोणीस वर्षांची, पाचवा महिना. तिच्या पाठोपाठ बाकीच्या बाया आल्या. कमलच्या वाट्याला कोऱ्या गोळ्या आल्या.

बाळंतपणात कमलचं रक्त थांबलंच नाही. मोताळ्याच्या दवाखान्यात न्यायला बैलगाडी जुंपेपर्यंत ती गेली, बाळही राहिलं नाही. खरी गोळी मिळाली असती तर ती वाचली असती का, हे मला आजही सांगता येत नाही. तेरावं झाल्यावर मी मळ्यात जाऊन मावशीला सगळं सांगून टाकलं. ती वांगी तोडत होती. हात थांबले. "मीच म्हनलं होतं तिले, घे म्हनून," एवढंच बोलली. मग सरीतच बसली आणि तिनं जो हंबरडा फोडला... मी पुढे व्हायलाही धजले नाही.

मला वाटलं, आता ती सारं गाव घेऊन दवाखान्यावर येईल. दोन दिवसांनी ती एकटीच आली. "तुह्या डॉक्टराले गावात आन." डॉक्टर आले. देवळाच्या पारावर तिनं त्यांना बायांसमोर बसवलं. "रक्त आमचं, पोटं आमची. मंग गोठ आमाले काऊन नाही सांगतली, सायेब?" त्या दुपारी कोऱ्या गोळ्यांचे डबे जीपमधून परत गेले आणि सगळ्यांना खऱ्या मिळाल्या. पुढच्या प्रत्येक गावात बायांना आधी सगळं सांगायचं, नाही म्हणेल तिच्यावर जोर करायचा नाही, आणि रक्तात काय निघालं ते परत येऊन सांगायचं, हे तिनं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. ते पाळतात की नाही हे पाहायला स्वतः माझ्याबरोबर एस.टी.त बसली.

पुढे ते पथक गेलं, दुसरी पथकं आली, माझी बदली झाली. ती मात्र येत राहिली, पार वडनेर भोलजीपर्यंत. बाया जमल्या की आधी कमलची गोष्ट सांगायची. "माही सून होती. तिले कोनी सांगतलं नाही. तुमी इचारा." नेहमी 'कोनी' म्हणायची, आणि तेव्हा माझ्याकडे बघायची नाही. एकदा परतताना मी म्हटलं, "मावशी, मी खोटं बोलले हे का नाही सांगत?" खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "तुहं नाव घेतलं त बाया तुह्यापाशी येतीन का, पोरी?" मग म्हणाली, "पन मले इसरता येत नाही बाप्पा."

नामदेव येऊन गेल्यावर आठवड्यानं मला एका नव्या गावात जायचं होतं. कमलची गोष्ट आता मलाच सांगायची होती. मावशीचे शब्द मी पाठ करून गेले होते, पण तोंडून निघालं वेगळंच. "तिच्या सासूनं मला विचारलं होतं. मी खोटं बोलले." दोघी जणी लेकरं कडेवर घेऊन उठून गेल्या. बाकीच्या बसून राहिल्या. कोपऱ्यातल्या एका म्हातारीनं विचारलं, "मंग थे सासू कुठी हाय आता?"

मी ते पहिल्यांदाच तोंडानं म्हटलं. "गेली."