केसरबाईंची निम्मी डिस्क

आमच्या मलकपेठच्या घरात एकाच बाईचा आवाज चालायचा, माझ्या सासूबाईंचा, केसरबाईंचा. परभणीकडून लग्न होऊन हैदराबादला आल्या, दवाखान्यात आया म्हणून राबल्या. जयंती असो की बारसं, गाणं त्यांचंच. मी त्यांना आत्याबाई म्हणते. गोड गळा गाण्यापुरता; माझ्या वाट्याला यायचं ते "ध्यान कुठं असतं ग तुझं?"

मग त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर बोलले, जीव वाचेल, आवाज जाणार. अनिरुद्धनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, तेव्हा नुकताच कॉम्प्युटर घेतला होता, आमच्या गल्लीतला पहिलाच. त्याला माईक लावून त्यानं आईची गाणी भरून घेतली. शेवटी त्यांनी स्वतः रचलेला पाळणा गायला, कारण मी पोटुशी होते. ऑपरेशननंतर ती गाणी लावायचं कुणाचं धाडस झालं नाही. आत्याबाईच हातानं नक्को म्हणायच्या.

पोरगी झाली, बारसं ठरलं. तेव्हा आत्याबाईंनीच कॉम्प्युटरकडे बोट केलं, मग पाळण्याकडे. नातीसाठी त्यांना तो पाळणा हवा होता. तर आमचे शहाणे म्हणाले, थांबा, आधी नवीन विंडोज टाकतो, आवाज झक्कास येईल. मशीन विचारेल त्याला हो, हो करत गेले, आणि डिस्क कोरी दिसायला लागली. कॅसेटवर उतरवायचंही राहूनच गेलं होतं. मला असा संताप आला, काय सांगू!

जो तो म्हणे, फॉरमॅट मारा, नव्यानं सुरू करा. शेवटी अनिरुद्धच्या ऑफिसातले उदय आले, पुण्याचे. ते म्हणाले, आता हिच्यावर काही लिहू नका. गाणी जागेवरच असतील. डिस्कचा कुठला भाग कुठून सुरू होतो हे सांगणारा तक्ता तेवढा गेलाय. ती जागा सापडली की तक्ता पुन्हा भरू. अनिरुद्धनं सांगितलं, मोठा भाग माझा, शेवटचा लहानसा आईच्या गाण्यांचा, दुकानदाराला मीच तसं बोललो होतो. उदयनी शेवटाकडून शोधलं. काही लागेना. परेशान झाले बिचारे.

आत्याबाई जेवत होत्या. ताटातली भाकरी घेऊन उठल्या, उदयसमोर तिचे दोन तुकडे केले, एकावर एक ठेवून कडा जुळवून दाखवल्या. मग एका तुकड्यावर बोट ठेवलं आणि तेच बोट स्वतःच्या छातीवर.

"निम्मी त्यांची आहे," मी म्हणाले. "बरोबर निम्मी."

त्यांनी मान हलवली. कॉम्प्युटर घेताना त्याही दुकानात होत्या; अनिरुद्ध ऑटो बघायला गेला, तेवढ्यात दुकानदाराकडून बाईंनी असं करून घेतलं होतं! आणि आमच्या पठ्ठ्यानं नंतर कधी बघितलंही नव्हतं.

उदयनी डिस्कच्या मधोमध शोधलं. भाग तिथूनच सुरू होत होता. तक्ता भरला, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, तर गाणी हजर. त्यांनी पाळणा लावला.

खोलीत आत्याबाईंचा आवाज भरला. दोन कडवी झाली आणि गाणं मधेच थांबलं.

"रूपाली, दूध बघ ग! ध्यान कुठं असतं तुझं?"

मी उठून स्वयंपाकघरात धावले. गॅस बंद होता. शेगडीवर दूधही नव्हतं. परत आले तर आत्याबाई खांदे हलवून हसत होत्या, डोळे पाण्यानं भरलेले. मी त्यांच्या गळ्यात पडून रडले.

उदय म्हणाले, बारशाआधी तेवढं बोलणं कापून देतो. मी म्हणाले, नक्को, ते राहू द्या.