आगळेकाकांचा मंगळवार

लहानपणी मी भुताला घाबरत नव्हते. आगळेकाकांना घाबरत होते.

आगळे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. नाव आग्नेल, मूळ गोव्याचे. वालचंदनगरला कारखान्यात टर्नर म्हणून आले आणि कॉलनीने आठवडाभरात त्यांचं आगळे करून टाकलं. पोस्टमनसुद्धा तेच म्हणायचा. त्यांनी कधी दुरुस्त केलं नाही.

क्वार्टरमधले आमचे शेजारी. मधे फक्त एक भिंत.

एरवी इतका शांत माणूस की कुकरची शिट्टी झाली तरी दचकायचा. पण फेब्रुवारी-मार्चमधे तीन दिवस त्यांच्या अंगात काय संचारायचं, देव जाणे.

गोणपाटाचा मुखवटा, डोळ्यांना दोन भोकं, काथ्याची मिशी. वर काकूंची साडी. हातात पिठाच्या पुड्या. दुपारी दारात उभं राहून आवाज बदलून विचारायचे,
"ओळखलं का?"

मी सहा वर्षांची. धान्याच्या कोठीमागे जाऊन बसले आणि तिथंच चड्डी ओली केली. हसा, हसा.

आई म्हणाली, "आगं, आगळेसायेब हायती. त्येंचा शिमगा आपल्या अदुगर असतोय."

शिमगा नव्हता तो. इंत्रुज होता.

काकांनी मला नंतर समजावलं. इंत्रुज म्हणजे आत शिरणं. ईस्टरच्या आधी चाळीस दिवस उपवास, त्या उपवासाच्या दारातून आत. शिरण्याआधी तीन दिवस खायचं, नाचायचं, एकमेकांना पीठ फासायचं. शहरातले लोक त्याला कार्निव्हल म्हणतात. त्यांच्या गावचे फादर सांगायचे की तो शब्द लॅटिन, अर्थ 'मांसा, निरोप घेतो'.

"म्हणजे मटणाला 'येतो' म्हणायचं गो," काका म्हणाले. "जातो नाही म्हणायचं. ईस्टरला परत भेटायचं असतं."

मंगळवार शेवटचा. बुधवारी सकाळी कपाळावर राख लावून काका पुन्हा गप्प.

आणि एक नियम. मुखवट्यामागचा माणूस ओळखला तरी त्याचं नाव घ्यायचं नाही. मंगळवारी ऊन उतरलं की त्याने स्वतः मुखवटा काढायचा आणि आपलं नाव सांगायचं. मगच घरात घ्यायचं, मगच जेवायला वाढायचं.

दर मंगळवारी संध्याकाळी काका आमच्या दारात मुखवटा काढायचे. "मी आग्नेल." त्या एका क्षणी माझी भीती जायची. दरवर्षी.

रिटायर झाल्यावर ते इंदापूरला लेकीकडे, लीनाकडे राहायला गेले. काकू त्याआधीच वारल्या होत्या. मी लग्न होऊन बारामतीत. मग काका विसरायला लागले. आधी चष्मा, मग रस्ता, मग माणसं.

मागच्या वर्षी याच मंगळवारी सकाळी लीनाचा फोन आला. "शुभा, ये. दोन दिवस पाणीसुद्धा घेत नाहीत. कुणाला जवळ येऊ देत नाहीत. संध्याकाळपर्यंत नाही खाल्लं तर ॲडमिट करायचंय, आणि तिथं सलाइनसाठी त्यांचे हात बांधून ठेवतील."

स्कूटर काढली.

खोलीत शिरले आणि तोंडातून तेच आलं, जे आपण सगळे आजारी माणसाला विचारतो.
"काका, ओळखलंत का?"

ते कपाटाच्या आणि भिंतीच्या सापटीत सरकले. दोन्ही हात तोंडावर. बोटांच्या फटीतून डोळे.

ते डोळे मला ठाऊक होते. कोठीमागचे माझेच.

लीना म्हणाली, येईल तो हेच विचारतो. वर्षभर रोज परीक्षा घेतल्यासारखी. आम्ही सगळे त्या माणसाला घाबरवत होतो, प्रेमाने.

तारीख कॅलेंडरवर दिसली. इंत्रुजचा शेवटचा मंगळवार. लीनाला विचारलं, मुखवटा आहे का अजून? ट्रंकेत होता. डांबरगोळ्यांचा वास, मिशी अर्धी झडलेली.

घालताना मी इतकी भ्यायले होते की गाठ बसेना. यांचं हृदय बंद पडलं तर? लीनाला काय तोंड दाखवू? दारात उभी राहिले. काही विचारलं नाही.

काकांनी हात खाली घेतले. बराच वेळ बघत राहिले.

मग हसले. "नाव सांगू नको हां. मंगळवार सरू दे."

माझ्या हातून वाटीभर पेज प्यायले. वर लोणचं मागितलं. लीना दाराआड तोंडात पदर कोंबून रडत होती. ॲडमिट करायची गरज पडली नाही.

ऊन उतरलं. काका खिडकीकडे बघून म्हणाले,
"आता काढ."

आणि मी काढला नाही.

काढला आणि त्यांनी ओळखलं नाही तर? पुन्हा त्या सापटीत गेले तर? "अजून ऊन आहे काका," असं खोटं बोलले आणि मुखवट्यासकट मागच्या दाराने बाहेर पडले. ते वाट बघत राहिले असतील. नियम त्यांचाच होता.

त्या रविवारी दुपारी झोपेत काका गेले.

वर्षभर तीच भीती घेऊन फिरतेय. त्यांना कुणी जेवू घातलं, हे त्यांना कळलंच नाही.

कुणाच्या आजारपणात भेटायला गेलात तर "ओळखलं का" विचारू नका. आपलं नाव सांगा आणि बसा. ती आठवण ठेवलीत तर माझ्या काकांना श्रद्धांजली पोचली असं समजेन.

आज पुन्हा मंगळवार. ऊन आत्ताच उतरलंय.

काका, काढलाय मुखवटा.
मी शुभा. भिंतीपलीकडची.

येते.