सहादूचं फडकं

सुप्याच्या आमच्या गाडी-पॉलिशच्या दुकानात चांगुणाबाई मायक्रोफायबरचे टॉवेल धुते. गार पाणी, सावलीत वाळवण, आणि सुती कापड मशीनजवळसुद्धा नाही, कारण त्याचं सूत टॉवेलला चिकटतं. कुणी चुकून टाकलं, तर बाई अंगावर धावून येते.

तिचा नवरा सहादू इथंच गाड्या पुसायचा, पण जुन्या धोतराच्या फडक्यानं. टॉवेलवर त्याचा विश्वास नव्हता. पोळ्याच्या दिवशी तो वारला. ते फडकं तिनं त्याच्याबरोबर सरणावर ठेवलं.

तेव्हापासून रोज एका टॉवेलला पांढरं सूत चिकटलेलं निघतं. आज तिनं ते ओढलं, तर दुसरं टोक रिकाम्या मशीनमध्ये अडकलेलं. ओढलं तरी येईना. ती आत डोकावून खेकसली, "सोडा की वो! मला कामं हायेत."

सूत लगेच सैल झालं.