पर्स खरी असल्याचा पुरावा

आमच्या घरातून आजवर एकच परदेशी पर्स विक्रीला निघाली आणि ती विकली गेली नाही. वस्तुस्थिती एवढीच आहे. बाकीचा तपशील माझ्या अब्रूला बाधक असल्याने मी तो गाळून पाहिला. पण तो गाळला की बातमीत काही उरत नाही.

माझी धाकटी बहीण विमल मिरजगावला असते. तिचा मुलगा सचिन दुबईत नोकरीला आहे. त्याने आणलेली ही पर्स विमलने आमच्या वास्तुशांतीला माझ्या पत्नीला, सुनंदाला, आहेरात दिली. किंमत तिने सांगितली नाही. (ती तिच्या यजमानांनी, पोपटरावांनी, पंगतीत फिरून सांगितली.) पर्स इतकी भारी की सुनंदा ती कुठेच नेईना. तिच्यात कोथिंबिरीची जुडी मावत नव्हती आणि नगरच्या धुळीत तिला बाहेर काढायची छाती होत नव्हती. आत कंपनीने भरलेले कागदाचे गोळेसुद्धा ‘आकार बिघडेल’ म्हणून तिने काढले नाहीत. पर्स कपाटात बसून राहिली आणि सुनंदाला घरघंटी हवीशी वाटू लागली.

“अहो, जुन्या पर्सा ऑनलाइन विकतात म्हणे. हिची घरघंटी होईल.”

“आणि विमलला कळलं तर?”

“तुम्ही सांगणार आहात का?”

प्रश्न गंभीर होता. पूर्वी विमलने दिलेला एक स्टीलचा डबा आमच्या घरून कुणाला तरी आहेरात गेला, त्यांच्याकडून आणखी कुणाकडे गेला आणि शेवटी विमलच्याच घरी, तिच्याच सत्यनारायणाला, भेट म्हणून पोचला! त्या वर्षी भाऊबीजेला तिने मला ओवाळलं, लाडू भरवला, पण तोंडातून शब्द काढला नाही. पुन्हा तसं झालं तर लाडूसुद्धा मिळणार नव्हता.

मी उभा जन्म एका दैनिकात उपसंपादक होतो. जाहिरात मीच लिहिली : ‘अस्सल. एकाच मालकिणीची. मूळ स्थितीत. कोणतीही खूण अथवा ओरखडा नाही.’ प्रत्येक विधान मी स्वतः तपासलं होतं. (बाहेरून.)

संध्याकाळपर्यंत जाहिरातीतल्या फोटोखाली भांडण पेटलं. कुणी एक बाई म्हणाल्या, टाके तिरके हवेत, हे सरळ आहेत, पर्स नकली आहे. दुसऱ्या म्हणाल्या, सरळच असतात, तुम्हीच नकली घेतली असेल. तन्वी नावाच्या एका मुलीने मात्र शांतपणे विचारलं, “आतल्या कप्प्यात पितळी पट्टी असते, तिच्यावर कंपनीचं नाव असतं. तिचा फोटो पाठवाल?”

मी कागदाचे गोळे बाजूला सारून, चष्मा न लावता, फ्लॅश मारून फोटो काढला. पट्टी इतकी चकचकीत होती, की फोटोत फ्लॅशचा उजेड आणि त्यामागे माझा चेहरा दिसत होता. तोच पाठवला.

“काका, पट्टी हवी होती,” तिचं उत्तर आलं. “मी सुप्याला कंपनीत आहे. उद्या जेवणाच्या सुट्टीत फाट्यावर भेटू. समोर बघूनच घेईन.”

इकडे सुनंदा संतापली होती. “नकली म्हणजे? आपला सचिन काय नकली आणेल?”

मी म्हणालो, शंका आली की मूळ सूत्राकडून खात्री करावी. आणि मूळ सूत्राला फोन लावला. (इथे माझा पेशा मला नडला.)

“विमल, सहज विचारतो. त्या पर्सची पावती आहे का गं?”

“का रं दादा? फाटली व्हय?”

“नाही, नाही! कुणीतरी म्हणालं, खरी आहे का म्हणून.”

“कोन म्हनलं?” आवाज चढला. “पावती-बिवती काय न्हाई. पन खरेपनाचा पुरावा पर्समधीच हाय! उद्या येऊन दावते.”

‘कसला पुरावा?’ हा पुढचा प्रश्न शिकाऊ बातमीदारानेही विचारला असता. मी फोन ठेवला.

सकाळी आम्ही पर्स पिशवीत, पिशवी मोठ्या पिशवीत घालून निघतो, तोच दारात विमल!

“कुठं निगालात?”

“सुप्याला,” मी म्हणालो. खरं बोलायची सवय. पुढचं मात्र सुचेल ते बोललो : “अनिकेतसाठी मुलगी बघायला.” अनिकेत हा आमचा मुलगा. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

“आन् आत्याला सांगितलं न्हाई?” विमल गाडीत बसलीसुद्धा.

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं सुप्यापर्यंत चालू होतं.

फाट्यावरच्या हॉटेलात तन्वी आधीच येऊन बसली होती; आम्हाला पाहून उठली. विमलने तिला नखशिखांत न्याहाळलं आणि खुर्ची ओढली. “बस, पोरी. घरी कोन कोन असतं?”

“आई-बाबा,” तन्वी गोंधळली. “मला जरा घाई आहे. बघून घेऊ का?”

“पोरगा आला न्हाई आज. पन लई गुनी हाय. कसलं यसन न्हाई.”

“मी पर्सबद्दल म्हणतेय.”

दुसरा इलाज नव्हता. सुनंदाने पिशवीतून पिशवी आणि तीतून पर्स काढली. विमलने ती ओळखली. तन्वीने टाके पाहिले, चेन ओढली, कातड्याचा वास घेतला आणि मान डोलावली. घरघंटी अगदी दारात येऊन ठेपली. मग तिने कागदाचे गोळे काढले, आतला कप्पा उघडला, पट्टीवर मोबाईलची बॅटरी धरली.

“हे काय आहे?”

कंपनीच्या नावाभोवती, पट्टीच्या चारही कडांनी, बारीक ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत लिहिलं होतं : ‘सौ. सुनंदा वहिनी यांस विमल व पोपटराव यांजकडून सप्रेम भेट. मिरजगाव.’

“कंपनी असं कधीच लिहीत नाही,” तन्वी म्हणाली. “म्हणजे नकलीच की!”

“नकली?” विमल उठून उभी राहिली. “भांड्याच्या दुकानात, त्या टर्रर करणाऱ्या मशीनवर, उभं राहून नाव घालून घेतलंय मी! दुकानदार न्हाईच म्हनत हुता, भांडून घालून घेतलं! याच्याहून खरं काय असतं? आन् का घातलं म्हाईत हाय का? या घरात दिलेली वस्तू टिकत न्हाई म्हनून!”

तन्वीने पट्टी पुन्हा पाहिली, मग आम्हा तिघांना पाहिलं, आणि हसू दाबत पर्स सुनंदाच्या हातात दिली.

“काकू, पर्स अगदी खरी आहे. पण माझं नाव सुनंदा नाही.”

परतीच्या वाटेवर विमल एकदाच बोलली. “पोरगी चांगली हुती. तिला तरी हातची घालवायची न्हाई.”

घरघंटी आली नाही. सुनंदा आता ती पर्स घेऊन भाजीलासुद्धा जाते. कोथिंबीर वेगळ्या पिशवीत असते. भाऊबीजेला विमलने ओवाळलं, लाडूही भरवला आणि मला एक मनगटी घड्याळ दिलं. मी चष्मा लावला आणि ते आधी उलटं करून पाहिलं. मागच्या झाकणावर ठिपक्यांची अक्षरं होती : ‘दादास. विकू नये.’

आयुष्यभर दुसऱ्यांचा मजकूर कापत आलो. यातला एकही शब्द मला कापता आला नाही.