टेलरबाईंची बस

टेलरबाईंनी कॉम्प्युटरला हात लावला असेल तो धूळ पुसायला, तेवढाच. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली तेव्हा तिचा जुना लॅपटॉप घरीच राहिला आणि शिलाई मशीनशेजारी अस्तरांच्या गठ्ठ्याखाली दबून गेला. ही बाई उद्या कॉम्प्युटरवरचा खेळ बनवणार आहे, असं कुणी सांगितलं असतं तर सगळ्यांआधी बाईच पोट धरून हसल्या असत्या.

घडलं ते नवऱ्याच्या हातामुळे. नवरा बसचा ड्रायव्हर. उभा जन्म चाकामागे गेला आणि निवृत्ती तोंडावर आली असताना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजवा हात मात्र रुसून बसला. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी रबरी चेंडू दिला, दाबत राहा म्हणाल्या. थोडे दिवस दाबून झाला, मग तो कपाटाखाली गेला तो गेलाच. बाईंनी गोडीगुलाबीनं सांगून पाहिलं, रागावून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

डॉक्टरीणबाईंनीच मग सुचवलं की कॉम्प्युटरवर खेळू द्या, बोटं आपसूक हलतील. मुलीनं फोनवरून सांगत सांगत गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ लावून दिला. पण बोट उचलेपर्यंत गाडी भिंतीवर आदळायची. पुन्हा तेच, पुन्हा तेच. शेवटी त्यांनी लॅपटॉप मिटला आणि म्हणाले, "आता खेळसुद्धा हसायला लागले मला."

ते वाक्य बाईंच्या जिव्हारी लागलं. हळू चालणारा खेळ शोध, असं त्यांनी मुलीला सांगितलं. मुलीनं पुष्कळ धुंडाळलं. सापडले ते एकतर भरधाव, नाहीतर अगदी बाळांचे. कंटाळून ती थट्टेनं म्हणाली, "आई, आता तूच बनव एखादा."

"कशात बनवतात?" बाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती.

मग सुरू झाली निवड. पहिलं सॉफ्टवेअर मुलीनं सुचवलं ते मोठ्या कंपन्या वापरतात ते. ते उतरवून घेण्यातच सकाळ गेली. उघडल्यावर लॅपटॉपचा पंखा कण्हू लागला आणि पडद्यावर इतक्या खिडक्या, इतकी बटणं, की बाईंना कुठं बघावं तेच कळेना. ह्यात जगभरचे मोठमोठे खेळ बनतात, असं मुलगी सांगत राहिली. बाई म्हणाल्या, मला मोठा नकोच, आपल्या घरात मावेल एवढा पुरे.

दुसरं हलकं होतं, पण सगळं टाइप करायचं, तेही इंग्रजीत. एक टिंब चुकलं की लाल रेघ. दोन संध्याकाळी मान मोडून पडद्यावर जेमतेम एक शब्द उमटला. बाई चिवट खऱ्या, पण हा वेग पाहता नवऱ्याची शंभरी आली असती.

तिसऱ्यात मात्र रंगीत ठोकळे होते, आणि त्यांच्यावर चक्क मराठीत लिहिलेलं. 'बाण दाबला की' हा एक, 'उजवीकडे सरक' हा दुसरा. ठोकळा ओढायचा, दुसऱ्याला चिकटवायचा. ज्यांचं जमत नाही ते जोडलेच जात नाहीत. बाईंनी दोन ठोकळे जोडले, कळफलकावरचा बाण दाबला आणि पडद्यावरचा चेंडू सरकला.

बाई खुर्चीवरून उठल्या, खोलीत एक चक्कर मारून आल्या आणि पुन्हा बाण दाबला. पुन्हा सरकला! पँट आखूड करायला आलेल्या गिऱ्हाइकाला माप घेण्याआधी चेंडू बघावा लागला. पुढं मोठं काही करायचं झालं तर हे अपुरं पडेल, असं मुलीनं प्रामाणिकपणे सांगितलं. बाई म्हणाल्या, "पडू दे. पोहायला शिकणारं कुणी समुद्रात उडी घेतं का? आधी मला तरंगू दे."

त्यांनी बस काढली, रस्ता काढला, थांबे काढले. पहिल्या दिवशी बस घरांच्या छपरांवरून गेली. दुसऱ्या दिवशी झाडातून आरपार. कपडे शिवताना हातात सुई आणि डोक्यात ठोकळे. एका शर्टाला त्यांनी खिसा उलटा लावला आणि हसत हसत उसवला. नवरा पलंगावरून सगळं बघत होता.

एका दुपारी मागून आवाज आला, "बस अशी वळत नसते."

"मग कशी वळते?"

ते उठून खुर्ची ओढून शेजारी बसले. आधी वेग उतरवायचा, मग चाक. थांब्यावर दार उघडलं पाहिजे. ते सांगत गेले, बाई ठोकळे जोडत गेल्या. दाराचं बटण बाईंनी कळफलकाच्या उजव्या टोकाला ठेवलं आणि खेळ त्यांच्यापुढं सरकवला. नवऱ्याचा डावा हात पुढं आला.

"अहो, उजव्यानंच उघडतं ते," बाई शांतपणे म्हणाल्या.

ते खोटं आहे हे त्यांना कळलं. त्यांनी बायकोकडं एकवार पाहिलं, डावा हात मांडीवर ठेवला आणि उजवा उचलून टेबलावर आणला. बोट बटणाकडं निघालं, अडलं, पुन्हा निघालं. थांब्यावरचा प्रवासी तसाच उभा होता. बाईंनी त्याला कंटाळायला शिकवलंच नव्हतं. दार उघडलं. प्रवासी चढला. बाई एव्हाना शेजारच्या मशीनवर जाऊन वाकल्या होत्या, पण पायडल हलत नव्हतं आणि समोरचं कापड धूसर दिसत होतं.

त्या दुपारी एकही प्रवासी मागं राहिला नाही.

हात पूर्ण सुधारला असं नाही, पण आता शर्टाची बटणं ते स्वतः लावतात. डॉक्टरीणबाईंनी खेळ मागून नेला आणि त्यांच्याकडं येणारी दोन माणसं तो खेळू लागली, तेव्हा बाईंना आनंद कुठं ठेवू असं झालं. ड्रायव्हरसाहेबांची मात्र तक्रार आहे.

"असे गरीब प्रवासी जगात कुठं असतात? जरा चिडू देत, घड्याळ बघू देत."

"मग तुम्हाला हात भरभर चालवावा लागेल," बाई म्हणाल्या.

"बघू ना," असं म्हणून त्यांनी उजव्या हातानं माउस पकडला आणि दोघं मिळून प्रवाशाला चिडवायचा ठोकळा शोधू लागले.