आधी मशीन सांगा

पंखा बंद पडो की राज्य, आमचे भाऊजी 'काय झालं?' असं कधीच विचारायचे नाहीत; 'मशीन कोणतं होतं?' हेच आधी विचारणार, हे साऱ्या वणी गावाला माहीत होतं.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. घराण्यात तीन पिढ्या कचेरीची कारकुनी. हे तेवढे कॉम्प्युटरच्या नादी लागले. मिक्सर जळाला तर ताईला हात लावू द्यायचे नाहीत. आधी कंपनी, मॉडेल, घेतल्याचं साल, सगळं वहीत. एकदा मी तापानं फणफणलो होतो, तर हे उशाशी वही घेऊन बसले. "उमर सांग, वजन सांग. दुखणं मागून."

"भाऊजी, मी मरून राह्यलो!"

"मर ना बाप्पा, पण नोंद तं करू दे!"

या खुळामागे एक जखम होती. कापसाच्या त्या वाईट वर्षांत एका खरेदी केंद्रावर चार वजनकाटे एकदम चालवणारा प्रोग्राम भाऊजींनी लिहिला होता. तो मधूनच कोसळायचा, आणि बाहेर बैलबंड्यांची रांग भाऊजींच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. कोसळताना प्रोग्राम आपल्या डोक्यातलं सगळं एका फाइलीत टाकून जातो; तिला कोअर डंप म्हणतात. भाऊजींनी ती फाइल घरच्या नव्या कॉम्प्युटरवर वाचली आणि ऐटीत जाहीर केलं, "दोन नंबरचा काटा!" त्या काट्यावर तांड्यावरचा रामसिंग होता. केंद्राच्या साहेबांनी त्याला तडक घरी बसवलं.

आठ दिवसांनी जेवता जेवता भाऊजींच्या एकदम ध्यानात आलं. केंद्रावरचा प्रोसेसर जुन्या घडणीचा, घरचा वेगळ्या. आणि फाइल कोणत्या प्रोसेसरवरची, हे तिच्यात लिहिलेलंच नव्हतं. घरच्या कॉम्प्युटरनं सगळे आकडे आपल्याच हिशेबानं लावले होते. केंद्रावर जाऊन पुन्हा वाचलं, तर चूक भाऊजींच्याच प्रोग्रामात. चोर सोडून संन्याशाला फाशी!

भाऊजी तिथून निघाले ते थेट तांड्यावर. रामसिंगला घेऊन केंद्रावर आले आणि साहेबांपुढं, साऱ्या रांगेदेखत म्हणाले, "चूक माही आहे. मी मशीनची नोंदच ठेवली नाही."

रामसिंग म्हणाला, "मले तुमचं मशीन समजत नाही, साहेब. पण मी कवाचा सांगून राह्यलो होतो, काटा बरोबर हाय."

रामसिंगचं काम परत मिळालं, भाऊजींचं गेलं. त्यानंतर त्यांच्या प्रत्येक प्रोग्रामच्या डंपात पहिली नोंद प्रोसेसरची असे. मिक्सर आणि मी मागून त्यात सापडलो.

मागच्या वर्षी भाऊजी गेले. पेपरात द्यायला मी लिहिलं, 'हृदयविकाराच्या झटक्याने'. ताईनं कागद वाचला आणि परत माझ्या हातात दिला.

"कायनं गेले ते मागून लिहजो. माणूस कसा होता, ते आधी लिही."

पेपरात जागा चार ओळींची होती. म्हणून बाकीचं इथं लिहून राह्यलो.